इंगवल्यांचा कॉम्प्युटर

इंगवल्यांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, स्टाफरूमचं दार आतून लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. हेडक्लार्क प्राध्यापकासमोर दार लावून बसतो तेव्हा एक तर पगारवाढ अडकलेली असते, नाही तर चौकशी लागलेली असते. माझ्या बाबतीत दोन्ही शक्य होतं, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

“सर, तुम्ही जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतासा म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“तुमच्या मिसेस. गॅदरिंगला आमच्या घरातल्यांना सांगत होत्या. सांगताना त्यांचा आवाज जरा कापत होता, म्हणे.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे तसा बराच वेळ, ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर उघडून बसत होतो. टीव्हीला जोडायचे आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावून चालवायचे, ते. एक साधा खेळ सुरू करायला ते पाच-सात मिनिटं किंचाळायचे आणि शेवटी ‘चूक’ असं सांगून गप्प व्हायचे. विद्यापीठाच्या बैठकांना इतकी वर्षं बसल्यावर मला ही पद्धत घरची वाटायची.

इंगवल्यांनी पिशवीतून वस्तू काढली. पाटीएवढी काळी पेटी, वर रबरी बटणं. ब्रिटिश बनावटीची. त्या काळात असली मशीन कोल्हापुरात असणं म्हणजे मंगळवार पेठेत पाणबुडी असण्यासारखं होतं.

“मामा बोटीवर होते. त्यांनी आणला. मी नववीत होतो.”

“आणि आता काय होतंय याला?”

“काहीच होत नाही, सर. त्याच वर्षी दसऱ्याला बंद पडला तो पडलाच. आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना वहिनीला सापडला, तिनं माझ्याकडं दिला.” त्यांनी एका बोटानं एक बटण दाबलं आणि लगेच हात मागं घेतला. “दुरुस्त नाही झाला तरी चालेल. मला फक्त एवढं सांगा, की हा मी बिघडवला का.”

मी त्यांच्याकडे बघितलं. धनाजी इंगवले चाळिशीचे होते, सगळ्या कॉलेजची सर्व्हिस बुकं त्यांच्या ताब्यात होती, आणि आमचे प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी बोलताना खुर्चीतून किंचित उठायचे. असा माणूस शाळकरी पोरासारखा प्रश्न विचारत होता.

“तुम्ही काय केलं होतं?”

“याच्या मागं खेळायचा दांडा जोडायचा असतो. जोडताना मशीन बंद करायची असते. माहितीपुस्तकात मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी चालू मशीनला जोडला. टीव्हीवर काळेपांढरे पट्टे आले. आणि संपलं.”

“मग?”

“मग आबांनी मारलं. आबांचं उद्यमनगरात शॉप होतं, तुम्हाला माहीत असेल. इंगवले मिस्त्री. लेथ, शेपर, ड्रिल. शॉपवर नेऊन मारलं, कामगारांच्या देखत, मशीनच्या जुन्या पट्ट्यानं. म्हणाले, ज्याला मशीन सांभाळता येत नाही त्यानं माझ्या शॉपची पायरी चढायची नाही.”

“रागात बोलतो माणूस.”

“आबा रागात कमी बोलायचे, सर. त्यानंतर मी ती पायरी चढलो नाही. दादा शॉपवर गेला, मी कॉमर्सला.” ते ‘कॉमर्स’ असं म्हणाले, जसं लोक ‘सिव्हिल हॉस्पिटल’ म्हणतात. “मला लेथवर उभं राहायचं होतं, बघा. सातवीपासनं. हा कॉम्प्युटर काय, मामांनी आणला म्हणून खेळलो. सणाला जातो घरी. बाहेरच्या खोलीत बसतो. आबा पाहुण्यांना सांगतात, हा धाकटा, हा ऑफिसात असतो. मशीनचं याला जमत नाही.”

“अजून?”

“जुनं सगळं लक्षात आहे त्यांच्या. सकाळी न्याहारी काय केली विचारलं, तर म्हणतात, अजून दिली कुठं. पण दसऱ्याचं लक्षात आहे. पंचाऐंशी ओलांडली त्यांनी, सर. मला ते जायच्या आधी कळायला पाहिजे.”

मी पेटी उचलून कानाशी हलवली. आत काही खुळखुळलं नाही.

“आणि तुम्हीच बिघडवलाय असं निघालं तर?”

“तर मग मार बरोबर होता,” इंगवले म्हणाले आणि दार उघडून गेले.

रविवारी ते माझ्या घरी आले. माझी कार्यशाळा म्हणजे मागची गॅलरी. तिथं पूर्वी कपडे वाळायचे. आता कपडे कुठं वाळतात ते मला माहीत नाही, विचारायची हिंमत नव्हती.

आधी अडॅप्टर तपासला. मीटरवर व्होल्टेज बरोबर आलं. मग मशीन टीव्हीला जोडून चालू केली आणि पडद्यावर काळेपांढरे उभे पट्टे आले.

“हेच!” इंगवले इतक्या जोरात ओरडले, की आतून कुकरचा गॅस कमी केल्याचा आवाज आला. “हेच आले होते!”

“मग मशीन मेलेली नाही. मेलेल्या मशीनला पट्टे येत नाहीत. ही झोपेत बरळतेय.”

“म्हणजे मी...”

“थांबा.”

मी मशीन बंद केली, उलटी केली आणि स्क्रू काढले. वरचं झाकण उचलून बाजूला करायचं तर ते निघेना. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. शेवटी पातळ सुरी घालून सोडवलं, तेव्हा चिकट आवाज करत सुटलं.

आत हिरवा बोर्ड दिसायला हवा होता. बोर्ड होता, पण त्याच्या चारी कोपऱ्यांत काकवी ओतल्यासारखा काळपट, दाट थर बसला होता. मधूनमधून त्याला तांबडी झाक होती. मी असे दोनेक डझन कॉम्प्युटर उघडले असतील. आत झुरळं बघितली होती, एकदा पालीचं अंडं, एकदा रेशन कार्डाचा तुकडा. काकवी पहिल्यांदाच बघत होतो.

“ही लाली कसली?”

“कुंकू असणार,” इंगवले म्हणाले. “खंडेनवमीला पूजेत ठेवला होता. आमच्यात सगळ्या मशीन ठेवतात.”

“आणि हे काळं?”

ते वाकले. वास घेतला. नंतर बराच वेळ तसेच वाकलेले राहिले.

“तेल आहे.”

“कसलं?”

“लेथचं.” सरळ होऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नाक पुसलं, जरी नाकाला काही झालेलं नव्हतं. “आबांच्या शर्टाला हा वास यायचा.”

तेलानं कॉम्प्युटर चिकट होतो, घाण होतो, पण असा बरळत नाही. तेलातून वीज जात नाही. हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता जुन्या स्पीकरातून काढलेलं एक चुंबक उचलून त्या थराजवळ नेलं. का नेलं ते सांगता येणार नाही. वर्गात चुंबकाचा तास असला की हात आपोआप जातो तसा गेला असेल.

थर उभा राहिला. मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहावेत, तसा चुंबकाच्या दिशेनं काटे काढून उभा राहिला.

“हा कीस आहे,” इंगवले हळूच म्हणाले. “लोखंडाचा कीस. लेथवर काम चालू असताना पडतो तो.”

“मग पट्टे यानंच आले. तेल हळूहळू खाली उतरलं आणि त्यातला कीस मेमरीच्या चिपांच्या पायांमध्ये जाऊन बसला. जिथं जोड नको तिथं जोड झाला. तुम्ही दांडा लावला नसता तरी त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी हेच झालं असतं.”

“तुम्ही हे लिहून द्याल?”

“आधी सिद्ध करू. तुमच्या दांड्यानं काही जळलं असेल, तर सगळं साफ करूनही मशीन चालणार नाही. चालली, तर काही जळलेलंच नव्हतं.”

साफ करायला शुद्ध अल्कोहोल लागतं. ते रसायनशास्त्र विभागाकडून मिळवण्यासाठी मी कारण म्हणून ‘संशोधन’ असं लिहिलं. आमच्या विभागात गेल्या काही वर्षांत झालेलं ते एकमेव संशोधन असावं. पुढचे दोन रविवार आम्ही दोघं टूथब्रश घेऊन बसलो. मी सांगायचो, इंगवले घासायचे. त्यांचा हात सुरेख होता. चिपेच्या पायांमधून ब्रश असा फिरवायचे, की पाय वाकणं सोडाच, थरथरतही नसे. एकदा मी म्हटलं, “इंगवले, तुम्ही सर्व्हिस बुकांत वाया गेलात.” त्यावर ते हसले नाहीत. मीही मग हसायचं अर्ध्यात सोडलं.

तिसऱ्या रविवारी बटणांच्या खालची तडकलेली पट्टी नवी घातली, झाकण नुसतं वर ठेवलं आणि मशीन चालू केली. टीव्ही क्षणभर काळा राहिला. मग पडदा पांढरा शुभ्र झाला आणि खाली डाव्या कोपऱ्यात अक्षरांची एक ओळ उमटली.

इंगवल्यांनी खुर्चीचे हात धरले.

“सगळ्या चिपा मूळच्याच?”

“सगळ्या. एकही बदललेली नाही. काही जळलं नव्हतं.”

ते पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. पण त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

“दादा,” ते म्हणाले.

“काय?”

“दादानं टाकला कीस. दुसरं कोण? त्या दिवसांत शॉपवर जायचा तो एकटा. मामांनी मला कॉम्प्युटर आणला, त्याला मनगटी घड्याळ. घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडलं. महिनाभर बोलत नव्हता माझ्याशी. शॉपवरच्या तेलाच्या कॅनचा तळ ओतला त्यानं, सर. आणि मी मार खाताना लेथला टेकून उभा होता.”

“हे जरा लांबचं होतंय, इंगवले.”

“मग जवळचं सांगा! कॉम्प्युटरमध्ये लेथचं तेल चालत गेलं का?”

मला जवळचं काही सुचेना.

“तुम्ही यायचं माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “आत्ता. तुम्ही प्रोफेसर आहात, आबा तुमचं ऐकतील.”

“माझं वर्गातली पोरं ऐकत नाहीत.”

“तुम्ही फक्त कीस होता एवढं सांगा.”

“कीस होता एवढं सांगेन. कुणी टाकला, ते भौतिकशास्त्रात येत नाही.”

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराचं दार वहिनींनी उघडलं. जुनं सागवानी जड दार, पण इतकं गुपचूप उघडलं, की त्या समोर दिसल्यावरच मला कळलं.

“या की भावजी. सर, या, बसा.” आणि माझी नजर दाराकडे गेलेली बघून, “आबांचं काम. दिवसभर तेलाचा कॅन घेऊन हिंडतात. बिजागरी म्हणू नका, पंखा म्हणू नका. परवा माझ्या पोळपाटाला घातलं.”

आबा कॉटवर बसले होते. वाळलेले, ताठ. पांढरा शर्ट, मांडीवर लांब चोचीचा ऑइल कॅन. शेजारी खुर्चीत थोरले, शहाजीराव, पेपर वाचत होते.

“कोण आलंय?” आबांनी विचारलं.

“धनाजी हाय, आबा. संगट त्याच्या कॉलेजचं सर आल्यात.”

“सर? कशाचं?”

“फिजिक्सचे,” इंगवले म्हणाले.

“म्हंजे काय?”

“यंत्रं कशानं चालतात, ते शिकवतो,” मी म्हटलं.

“तेलानं चालत्यात,” आबा म्हणाले. “ते शिकवाय सर कशाला पायजे?”

इंगवल्यांनी मशीन काढली, टीव्हीपुढच्या टीपॉयवर ठेवली, वायरी जोडल्या. पडदा पांढरा झाला. शहाजीरावांनी पेपर खाली घेतला.

“आरं, हा तोच का? चालला?”

“चालला. दादा, इथं बस. सर सांगतील.”

मी सांगितलं. घसा खाकरून, अगदी कमी शब्दांत. मशीनमध्ये काही जळलं नव्हतं. दांडा जोडल्यानं बिघाड झालेला नव्हता. आत तेल होतं आणि तेलात लोखंडाचा कीस होता, त्यानं बिघडली.

“बरं मग?” शहाजीराव म्हणाले.

“मग कीस आला कुठनं?”

“मला काय विचारतोस लगा?”

“शॉपवर तूच जात होतास.”

शहाजीरावांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली, एकदा, दोनदा, तीनदा, पुढं घडी बसेना तेव्हा थांबले.

“म्हंजे मी टाकला?”

“मामांनी मला कॉम्प्युटर दिला, तुला घड्याळ.”

“चांगलं घड्याळ होतं ते!”

“दुसऱ्या दिवशी बंद पडलं.”

“तिसऱ्या! आणि पडलं म्हणून मी तुझ्या मशीनमध्ये तेल ओतीन? एवढी वर्षं हे मनात धरून दिवाळीचा फराळ खात होतास व्हय माझ्या घरात?”

“एवढी वर्षं मला वाटत होतं की मीच मोडली! तू टेकून उभा होतास लेथला. एक शब्द बोलला नाहीस.”

“काय बोलणार? मला काय माहीत होतं?”

“अहो, सर बसलेत,” वहिनी म्हणाल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

या गडबडीत आबा उठून टीपॉयजवळ आले होते ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी मशीनवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

“ह्यात फिरतंय काय?”

“काही फिरत नाही, आबा,” मी म्हटलं.

“मग चालू हाय हे कळायचं कसं?” त्यांनी वाकून कान लावला. “आवाज न्हाई. कोरडी पडलीया.”

आणि कॅनची लांब चोच त्यांनी दोन रबरी बटणांच्या मधे नेली.

तीन रविवार गेले होते त्या मशीनवर. मी उडी मारून त्यांचं मनगट धरलं. हाडं हातात आली.

“आबा, कॉम्प्युटरला तेल घालत न्हाईत!” शहाजीराव ओरडले.

“घालत न्हाईत?” आबांनी माझा हात शांतपणे बाजूला केला. “मी घातलं हुतं की. तवा काय झालं हुतं?”

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

“कवा घातलं, आबा?” धनाजींनी विचारलं. कॉलेजात कधी ऐकला नव्हता असा आवाज होता तो.

“कवा म्हंजे? खंडेनवमीला. लेथ पुसला, तेल घातलं. शेपर पुसला, तेल घातलं. घरी आलो तर हे पोरगं पाठीस लागलं, आबा, माझी मशीन बी पूजेला ठेवा. हेची आई हसाय लागली. मी म्हटलं, हसू नगं. मशीन ती मशीन. पैली ठेवली, देवाच्या फुडं. लेथचा हातोडा, पाना, सगळं हेच्या मागनं.” त्यांनी कॅन दुसऱ्या हातात घेतला. “पूजेला बसवायची आन् कोरडी ठेवायची? आपल्यात न्हाई तसं. पोराला कुठं कळतंय तेल घालायचं. ते खेळाय गेलं हुतं. चारी कोपऱ्यांस्नी घातलं. शॉपवरचा कॅन हुता, बरोबर आणलेला. चांगली मशीन हुती. हेनं दुसऱ्या दिवशी मोडली.”

शहाजीराव धाकट्याकडे बघत होते आणि धाकटा आबांकडे. माझ्या मनात आलं, की आता हा माणूस गप्प बसेल. म्हाताऱ्याला कशाला सांगायचं, असा विचार करेल. मी असतो तर केला असता आणि घरी जाऊन स्वतःचं कौतुक केलं असतं.

“आबा,” धनाजी म्हणाले, “तेलानंच मोडली.”

“आँ?”

“तुमच्या कॅनमधी कीस हुता. त्यानं मोडली. मी न्हाई मोडली.”

आबांनी माझ्याकडे मान वळवली. “सर?”

साऱ्या नोकरीत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

“हो,” मी म्हटलं. “तेलानंच.”

आबा टीपॉयच्या कडेला बसले. वहिनी खुर्ची घेऊन पुढं आल्या, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं. शर्टाच्या टोकानं ते कॅनची चोच पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

“मग तू बोलला का न्हाईस? पट्ट्यानं मारलं, तवा?”

“मला वाटलं मीच मोडली. चालू मशीनला दांडा जोडला हुता.”

“चालू मशीनला हात लावलास?”

“व्हय.”

“चालू मशीनला हात लावायचा न्हाई.”

“व्हय, आबा.”

“बोटं जात्यात.”

“व्हय.”

परत चोच पुसणं चालू झालं. धनाजी समोर उभे होते, हात मागं बांधून, मान खाली. चौदा वर्षांचं पोर उभं राहील तसे. शेवटी आबांनी वर बघितलं, पण धाकट्याकडे नाही.

“शहाजी.”

“काय, आबा?”

“उद्यापासनं ह्याला शॉपवर घे.”

शहाजीरावांनी पेपराची घडी बाजूला ठेवली.

“ऐकलंस का? आधी ड्रिलवर ठीव. हात बघ. मग लेथ.”

“आबा, शॉप...”

“काय शॉप?”

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या इतक्या खाली बोलल्या, की मला वाकावं लागलं. “शॉप विकलं हो सर, चार-पाच वर्षं झाली. आबांनीच सही केली. फरशीचं दुकान झालंय तिथं. त्यांच्या ध्यानात राहत नाही, आम्ही आठवण करून देत नाही.”

“काय न्हाई,” शहाजीराव म्हणाले. “घेतो, आबा.”

“आठला. आठ म्हंजे आठ.” मग आबा धाकट्याकडे वळले. “येशील न्हवं?”

धनाजींनी भावाकडे बघितलं. भाऊ फरशीकडे बघत होता.

“येतो,” धनाजी म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा शहाजीराव गाडीपर्यंत आले. काचेवर हात ठेवून उभे राहिले. “धना, खरंच तुला एवढी वर्षं वाटत होतं, मी केलं म्हणून?”

“न्हाई. आज दुपारपासनं.”

“मग ठीक आहे,” शहाजीराव म्हणाले, आणि तरी हात काढायला त्यांना वेळ लागला.

मशीन तिथंच राहिली होती. कोपरा वळल्यावर मी आठवण करून दिली. “ते परत तेल घालतील.”

“घालू देत.”

“साफ करायला परत अल्कोहोल मिळणार नाही. संशोधन संपलं.”

“राहू द्या, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. माझे दात घासायचे होते.

“सर, गाडी काढतासा का जरा? स्कूटर सुरू होईना.”

“कुठं जायचंय?”

“उद्यमनगर.”

गाडीत ते माझ्या शेजारी बसले. कॉलेजला घालतात तो इस्त्रीचा शर्ट नव्हता. जुना, खाकी, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला. केस ओले. मी काही विचारणार नव्हतो, पण सिग्नलला थांबलो आणि राहवलं नाही.

“इंगवले, आबांच्या लक्षात राहिलं असेल का?”

“नाही. रात्री वहिनीला फोन केला होता. जेवताना विचारत होते, धाकटा कॉलेजात काय करतो.”

“मग?”

“माझ्या लक्षात आहे की.”

उद्यमनगरात कारखान्यांचे पत्रे उघडत होते. कुठंतरी मोटर सुरू झाली, कुठं कुणी घण मारत होतं. त्यांनी हात दाखवला तिथं मी गाडी थांबवली. शटर बंद असलेलं काचेचं मोठं दुकान होतं. वर पाटी होती, पाटीवर एक गोरी बाई न्हाणीघरात उभी राहून कारण नसताना हसत होती. दारापुढं दगडी पायरी. बाकी सगळं बदललं होतं, पायरी कुणाला बदलावीशी वाटली नसावी. ती मधून झिजलेली होती.

इंगवले उतरले. पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या, वाकून दगडाला हात लावला, तो कपाळाला नेला. आणि वर चढले. वर चढून शटरसमोर उभे राहिले.

आतल्या गल्लीतून वॉचमन आला, हातात झाडू.

“दुकान दहाला उघडतं, साहेब. काय बघायचं होतं? फरशी?”

“काही नाही,” इंगवले म्हणाले. “कामावर आलोय.”

वॉचमननं त्यांच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग गाडीत बसलेल्या माझ्याकडे.

मी काच खाली केली. “त्यांना आठची वेळ दिलेली आहे,” मी म्हटलं.

वॉचमननं मनगट वळवून घड्याळ बघितलं. झाडू भिंतीला टेकवला, आत गेला आणि स्वतःचं स्टूल आणून त्यांच्यापुढं ठेवलं.

इंगवले बसले नाहीत. लेथवर बसत नाहीत.